सोलापूरच्या नद्यांकाठी सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, सकाळी गारवा जाणवू लागला की सोलापूरच्या आसपास सायकलने फिरण्याबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यातले जास्तीत जास्त वेळा आलेले प्रश्न, लोकांनी विचारले तशाच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. अंतरं सोलापूर शहरातून मोजलेली आणि ढोबळ आहेत. तुम्ही जुळे सोलापुरातून निघता की बाळ्यातून, यावर चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे होतील.

१. सोलापूर म्हणजे उन्हाने तापलेला सपाट माळ. इथे सायकलने बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा पुणे–हैदराबाद हमरस्त्यावरून गाडीतून गेलेला असतो. त्या रस्त्यावरून हा प्रदेश तसाच दिसतो, हे खरं आहे. पण शहराच्या उत्तरेला बालाघाटची रांग आहे आणि तिच्या कडेवर तुळजापूर. पूर्वेला बोरी नदी, तिच्यावर नळदुर्ग. पश्चिमेला सीना, त्यापलीकडे भीमा, आणि दक्षिणेला कुडलला दोघींचा संगम.

पाऊस कमी पडणाऱ्या या मुलखात ज्याने काही मोठं बांधलं, त्याने ते पाण्याजवळच बांधलं. देऊळ संगमावर, किल्ला नदीच्या वळणात, छावणी घाटावर, आणि शहराचा भुईकोटही सिद्धेश्वर तलावाला लागून. त्यामुळे इथे सायकल काढायची तर नदी धरून जायचं. इतिहास आपोआप वाटेत येतो. माझे सगळे मार्ग असेच ठरलेले आहेत.

२. पहिल्यांदाच लांब जायचंय. सुरुवात कुठून करू?

हिप्परग्याच्या तलावापासून. कागदोपत्री याचं नाव एकरुख. आदिला नदी अडवून इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला. भुईकोट आणि सिद्धेश्वर मंदिरापासून पहाटे निघा, तुळजापूर रस्ता धरा. जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर होतात. हिवाळ्यात काठाला पाणपक्षी असतात, आणि सूर्य वर यायच्या वेळी पाण्यावरून येणारा वारा अंगावर घेण्यासारखा असतो.

हे अंतर न दमता झालं की पुढच्या रविवारी बार्शी रस्त्याने नान्नज. जाऊन-येऊन चाळीसच्या थोडं वर. हा माळढोक पक्ष्यासाठी राखलेला गवताळ माळ आहे. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो आता फारच दुर्मीळ झाला आहे. काळवीट मात्र दिसतात. गवतात सायकल घालायची नाही. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे असतात आणि एका चाकाखाली अख्खी वीण जाऊ शकते. रस्त्यावरून बघा, आत जायचं तर वनखात्याच्या परवानगीने आणि पायी.

३. गिअरची सायकल लागतेच का? माझ्याकडे साधी आहे.

हिप्परगा, नान्नज, माचणूर, कुडल या वाटांना साधी सायकल चालते. आमच्या आजोबांची पिढी याच रस्त्यांवरून काळ्या, जड सायकलीवर धान्याचं पोतं घेऊन बाजाराला जायची. तुळजापूरच्या घाटाला गिअर हवेत (प्रश्न ६ पाहा). टायरबद्दल मात्र मी आग्रही आहे: ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे घ्या. शर्यतीच्या बारीक टायरवर हमरस्ता छान पळतो, पण इथलं बघण्यासारखं सगळं हमरस्ता सोडून दोन-पाच किलोमीटर आत आहे.

४. कुठल्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी उभी असते, हुरड्याचे दिवस असतात आणि दुपारीसुद्धा चालवता येतं. मार्चपासून सकाळी दहानंतर थांबायचं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लांबचे बेत आखू नका. तरुण आणि तयारीचा माणूससुद्धा उन्हाच्या झटक्याने कोसळतो. डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं की सायकल आडवी करा, सावली गाठा, अंग ओलं करा आणि दवाखान्याची वाट धरा.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. नळदुर्गचं पाणी बघायचं तर पावसाळ्यातच यावं लागतं (प्रश्न ७), पण तेव्हा चिखल (प्रश्न ११) आणि नद्यांचं पाणी (प्रश्न १०) ही दोन्ही उत्तरं वाचल्याशिवाय निघू नका.

५. चढ नसतानाही माझी हवा का निघते?

वाऱ्यामुळे. माळावर त्याला अडवायला झाड नाही की डोंगर नाही. जून ते ऑगस्ट तो पश्चिमेकडून जोराने येतो. हिवाळ्यात साधारण पूर्वेकडून, पण त्याला पावसाळी वाऱ्याची धार नसते. नियम एकच: जाताना वारा समोर घ्या, येताना पाठीवर. सकाळी ताज्या पायांनी समोरचा वारा सोसतो, दुपारी सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात पूर्वेकडची ठिकाणं, नळदुर्ग आणि अक्कलकोट, मला जास्त आवडतात. परतीला तोच वारा घरी ढकलत आणतो.

६. तुळजापूरचा घाट किती अवघड आहे?

सह्याद्रीतले घाट चढलेल्यांना सोपा, फक्त सोलापुरात सायकल चालवलेल्यांना पहिल्या वेळी जड. तुळजापूर ४५ किलोमीटरवर आहे आणि सोलापूरपेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच. ही उंची रस्ता बराच वेळ हळूहळू घेतो, पायांना ते कळतही नाही; खरा चढ शेवटी येतो. अडचण तीच आहे. चाळीस किलोमीटर जोरात हाणून आलेले पाय घाटाच्या तोंडाशी रिकामे असतात.

घाटाच्या पायथ्याला दहा मिनिटं थांबा. गूळ-शेंगदाणे खा, पाणी प्या. मग सगळ्यात हलका गिअर टाकून, बसूनच चढा. उतरून ढकलावी लागली तर ढकला, यात काही कमी होत नाही. कडेने ट्रक-बस जातात, त्यामुळे चढताना नागमोडी चालवू नका. उतरताना तापून ब्रेक ढिले पडतात. दाबून धरू नका, थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ ही पाण्याची ठिकाणं वाटेतच लागतात. चढून आलेल्या पायांना त्या दगडी पायऱ्या जाणवतात, तेवढी ताकद राखून ठेवा.

७. नळदुर्गला कधी जावं, आणि ते ‘नर-मादी’ म्हणजे काय?

या पानावरचं सगळ्यात आवडीचं उत्तर हेच, म्हणून जरा लांबेल.

नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरवर आहे, जिल्हा धाराशिव. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते. किल्ला आणि शेजारचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्या मधोमध नदीवर दगडी बंधारा आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, या बंधाऱ्याच्या पोटातच दालनं बांधली. तोच पाणीमहाल. बोरीला भरपूर पाणी आलं की ते बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी खाली कोसळतं. त्या दोन धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. पाणी डोक्यावरून वाहतंय, झरोक्यासमोर त्याचा पडदा आहे आणि आत तुम्ही कोरडे उभे आहात, असं ते बांधकाम आहे. कोरड्या मुलखातल्या माणसाने पाण्याचा एवढा विचार केलेला पाहिला की मला दर वेळी भरून येतं.

आता अट. हे धबधबे दर वर्षी आणि सगळा पावसाळाभर वाहत नाहीत. बोरीच्या वरच्या भागात चांगला पाऊस होऊन साठा भरला तरच पाणी बंधाऱ्यावरून पडतं. बहुधा ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुळतं, काही वर्षी जुळतच नाही. निघण्याआधी नळदुर्गच्या कुणा ओळखीच्याला किंवा रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारून घ्या. हिवाळ्यात गेलात तर धबधबा नसेल, पण तट, बुरूज आणि कोरडा पाणीमहाल निवांत बघता येतो. बांधकाम समजून घ्यायचं तर खरं म्हणजे तेव्हाच.

किल्ल्याला प्रवेशशुल्क आहे. सायकल दरवाजाशी कुलूप लावून ठेवा. पाणीमहालात उतरताना क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालू नका. ओल्या, झिजलेल्या पायरीवर ते बर्फावर घसरावेत तसे घसरतात. सामानात साधी चप्पल ठेवा.

जवळच्या अणदूरचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथला आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. देव वर्षाचा बराचसा काळ अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो. पालखीतून त्याची ये-जा होते.

८. तुळजापूर आणि नळदुर्ग एका दिवसात होईल का?

होईल, पण शंभर किलोमीटरची सवय असेल तरच. सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग–सोलापूर हा त्रिकोण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात आधी तुळजापूर करा. घाट सकाळी उरकतो, मधला टप्पा बालाघाटच्या पठारावरून जातो आणि नळदुर्गहून परतताना पूर्वेचा वारा पाठीवर येतो. पावसाळ्यात उलटं: आधी नळदुर्ग.

दोन दिवस हाताशी असतील तर त्रिकोण सोडा. नळदुर्गहून दक्षिणेला अक्कलकोट धरा, चाळीसच्या वर किलोमीटर आहेत. बोरीही तिकडेच वाहते आणि कुरनूरच्या धरणात अडते. अक्कलकोटला मुक्काम, अन्नछत्रात जेवण, आणि सकाळी चाळीस किलोमीटरवर घर. या बाजूच्या गावांत कानडी जास्त कानावर पडते. ‘नीरु कोडी’ म्हटलं की पाण्याचा तांब्या हातात येतो आणि पाठोपाठ चहाही.

९. भीमेकाठचा दोन दिवसांचा मार्ग सांगा.

पहिला दिवस मंगळवेढा रस्त्याने. तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, मग कामती, मग बेगमपूर. तिथे भीमा ओलांडली की माचणूर, साधारण चाळीस किलोमीटर. सिद्धेश्वराचं देऊळ आणि नदीचा घाट बघायला तास राखून ठेवा. इथेच शेजारी ब्रह्मपुरी. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात या गावी होती. दख्खन जिंकायला निघालेला बादशहा चार वर्षं या नदीकाठी तंबूत राहून राज्य हाकत होता. घाटावर बसून समोरचं संथ पाणी बघताना हे आठवलं की नदीचं पात्र वेगळंच दिसू लागतं.

पुढे मंगळवेढा. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं, कान्होपात्रेचं गाव. चोखोबांचा अंत इथेच गावकुसाचं बांधकाम कोसळून झाला. ज्वारीचं कोठार म्हणतात ते याच भागाला. जानेवारीत दोन्ही बाजूंना कणसांच्या उंचीचं रान असतं. तिथून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. मुक्काम तिथेच. चंद्रभागा म्हणजे भीमाच, गावाला चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून ते नाव.

दुसऱ्या दिवशी मोहोळमार्गे परत, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मोहोळपासून हमरस्ता आहे (प्रश्न १३). लांबोटीला सीना पुन्हा भेटते. तिथला मक्याचा चिवडा न घेता पुढे जाऊ नका.

कुडलचा संगम याच मार्गाला जोडू नका, तो वेगळ्या दिवसाचा आहे. विजापूर रस्त्याने मंद्रुपपर्यंत जायचं आणि मग आतल्या रस्त्यांनी हत्तरसंग कुडल; एका बाजूने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. त्यातली ओळ अशी: ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. सायकल लावून, घाम पुसून, हजार वर्षांपूर्वीची आपल्या भाषेतली ओळ वर मान करून वाचायची, एवढ्यासाठी मी पाच वेळा तिथे गेलो आहे आणि पुन्हा जाणार आहे.

१०. नकाशावर नदीवर पूल दिसतो, पण गावकरी म्हणतात जाऊ नका. कुणाचं ऐकू?

गावकऱ्यांचं. भीमा आणि सीना या दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि लोक त्यांच्यावरून ये-जा करतात. बंधारा हा पूल नव्हे. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, वरचा काँक्रीटचा पट्टा अरुंद असतो. दारं काढलेली आहेत की घातलेली यावर पाण्याची पातळी बदलते. वरच्या उजनी धरणातून पाणी सोडलं की ऊन पडलेलं असतानाही भीमेचं पाणी चढतं. इकडे पाऊस नाही म्हणजे नदी शांत आहे, असं इथे गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला तेव्हा किती गावं पाण्यात गेली, ते आम्ही पाहिलं आहे.

बंधाऱ्यावरून जायचंच तर कोरडा असताना, उतरून, सायकल नदीच्या बाजूला न धरता मधून ढकलत जा. बंधाऱ्यावरून घोटाभर पाणी वाहत असेल तरी परत फिरा. शेवाळ असतं आणि पाण्याला ओढ असते. एकदा मी वीस किलोमीटरचा वळसा वाचवायला अशा पाण्यात पाऊल टाकलं होतं. मागून एका शेतकऱ्याने हाक मारून थांबवलं, म्हणून हे लिहितोय.

११. मॅपने शेतातून रस्ता दाखवला आणि मी फसलो. आता काय करू?

परत फिरा, लगेच. फोनवरच्या नकाशात गाडीवाट आणि रस्ता एकसारखेच दिसतात. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात, पावसानंतर चिकटा. हा चिखल टायरला लागला की वीस पावलांत मडगार्ड आणि ब्रेकमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने खरवडा, पाण्याने धुऊ बघू नका. ओला झाला की आणखी चिकटतो. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवलेले बरे. वळायच्या आधी फाट्यावर कुणालाही एवढंच विचारा, ‘डांबरी हाय का?’

१२. इथे एवढे पंक्चर का होतात?

सराट्यामुळे. जमिनीलगत पसरणारी वेल, पिवळी फुलं आणि वाळल्यावर तिकाटणी फळं. कशीही पडली तरी एक काटा वरच. त्यात वेड्या बाभळीचे काटे. सायकल डांबराच्या कडेला, मातीत उतरवली की हमखास लागतात. थांबायचं असेल तर उचलून बाजूला ठेवा. नेहमी फिरणार असाल तर ट्यूबमध्ये सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) घाला. दोन जास्तीच्या ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, पंप एवढं बरोबर हवंच. गावात पंक्चरवाला मिळतो, पण तुमच्या सायकलीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पंपाने हवा भरत नाही. पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे.

आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवा. एक काटा सापडला म्हणजे संपलं नाही.

१३. हमरस्त्यावर सायकल सुरक्षित आहे का?

दिवसा, डाव्या कडेच्या पट्ट्यातून, मागे लाल दिवा लावून: हो. जिथे सेवारस्ता आहे तिथे तोच धरा. अंधारात नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या गाळपाच्या दिवसांत तर मुळीच नाही. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. उभी ट्रॉली अंधारात दिसतच नाही. दिवसाही ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा; दुसरी ट्रॉली वळणावर आत येते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मुक्कामी पोहोचायचं, असं ठरवूनच सकाळची वेळ ठरवा.

१४. खायला-प्यायला काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चार दिवस टिकते, पिशवीत चुरली तरी खाता येते, आणि मीठ, तेल, दाणे एकदम पोटात जातात. कुठल्याही पाकीटबंद बारपेक्षा माझा तिच्यावर विश्वास आहे. पाणी हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर, उन्हं वाढली की पाऊण ते एक लिटर. नुसतं पाणी पीत राहू नका, एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू ठेवा. गळ्याभोवती ओला सोलापुरी टॉवेल. त्याने जेवढा गारवा मिळतो तेवढा कशाने मिळत नाही.

१५. कुत्री मागे लागतात. काय करावं?

सायकल पळवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. मेंढ्यांच्या कळपाजवळची कुत्री राखणदार असतात. कळप पार होईपर्यंत थांबा, मेंढक्याला हाक द्या, तो आवरतो. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. फिरणं अर्धवट सोडावं लागलं तरी.

१६. मी एकटी जाऊ इच्छिते. घरचे नको म्हणतात.

माझ्या ओळखीच्या तिघीजणी या वाटांवर एकट्या फिरतात. त्यांनी सांगितलेलं तसंच देतो. पहिली फेरी अक्कलकोट किंवा तुळजापूरची करा, कारण रस्त्यावर दिवसभर भाविकांची वर्दळ असते. मुक्काम भक्तनिवासात, आधी फोन करून. काही ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत, ते दारात कळू नये. थांबायचं तर जिथे घरातली बाई बाहेर दिसते अशा वस्तीवर. ‘मावशी, पाणी मिळंल का?’ एवढ्या प्रश्नावर ओसरीत बसवून घेतात. घरच्यांना लोकेशन चालू ठेवा, आणि प्रश्न १३ मधली सूर्यास्ताची वेळ पाळा.

१७. वारीत किंवा नवरात्रात जाता येईल का?

आषाढी आणि कार्तिकीच्या आसपास पंढरपूरचे रस्ते वारकऱ्यांचे असतात; पंढरपूरचा बेत आधी-नंतर आठवडा सोडून करा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो लोक चालत जातात आणि गाड्यांची वाहतूक दुसरीकडे वळवतात. ‘सायकल म्हणजे गाडी नव्हे, मग जाऊ का?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. नका जाऊ. अनवाणी चालणाऱ्यांच्या गर्दीत रात्री सायकल घालणं त्यांनाही त्रासाचं आणि तुम्हालाही. त्या रात्री सायकल घरी ठेवून त्यांच्याबरोबर चाला.

१८. पुण्या-मुंबईहून सायकल रेल्वेने आणता येते का?

येते. अख्खी सायकल डब्यात घेऊ देत नाहीत. स्टेशनच्या पार्सल कार्यालयात आपलं तिकीट दाखवून ती लगेज म्हणून नोंदवायची, म्हणजे त्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये, सामानाच्या डब्यात, जाते. गाडीच्या वेळेआधी निदान दीड-दोन तास पोहोचा. मागच्या चाकाजवळच्या डिरेल्युअरभोवती (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) पुठ्ठा बांधा, दिवे-पंप-बाटल्या काढून घ्या, सायकलवर नाव, फोन आणि ‘सोलापूर’ ठळक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा. मधल्या छोट्या स्टेशनवर उतरायचं असेल तर तिथे पार्सल उतरवतात का, हे नोंदवतानाच विचारा. गाडी दोनच मिनिटं थांबत असेल तर सायकल पुढे निघून जाते. अशा वेळी सोलापूरपर्यंतच नोंदवा आणि स्टेशनबाहेर चाक टेकवून पहिला फेरफटका सिद्धेश्वर तलावाला मारा. स्टेशनपासून जवळच आहे.